सेबूसाठी राखून ठेवलेला दणका

६ जून, सकाळ

दडवणूक सुरू. आमच्या बोहोल बेटाच्या संघातल्या नऊ घरांपैकी आठ घरांतले कॉम्प्युटर आज नेटवरून तोडले.

हे कॉम्प्युटर रिकाम्या वेळात डेंग्यूच्या औषधाची गणितं फुकट सोडवून देतात. गणित परत पाठवलं की संघाला गुण. वीस तारखेपासून पाच दिवस समोरच्या सेबू बेटाच्या संघाशी शर्यत. दोन आठवडे पुरतील एवढी गणितं आधीच उतरवून घेतली आहेत. सोडवायची, घरातच दाबून ठेवायची आणि वीसला सकाळी आठ वाजता एकदम सोडायची. सेबूचा कॅप्टन इंजिनियर बासिलिओ दरवर्षी पहिला येतो. डिग्री आहे ना! मी फ्रिज दुरुस्त करता करता शिकलो. बघूच.

नेट तोडण्याआधी मोटरसायकलवरून घरोघर जाऊन अँटीव्हायरस स्वतः ताजा केला. सेटिंगही माझं. संशय आला की विचारत बसायचं नाही, फाइल उडवायची. बाकीचे लोक 'आधी विचारा' ठेवतात. म्हणूनच ते बाकीचे.

मॅम कॉन्सोर्सिया नेट तोडायला तयार नाहीत. सहावीत मला विज्ञान शिकवायच्या, ती सवय जात नाही. म्हणाल्या, "अरे हेर्मो, पेपर सोडवून झाला की बाईंना देतात. दप्तरात लपवून घरी नेत नाहीत." मी म्हटलं, मॅम, हे युद्ध आहे. म्हणाल्या, "डासांशी ना? मग सेबू कुठून आलं?"

सूट दिली. त्यांचा लॅपटॉप म्हातारा आहे. त्याने काय फरक पडतो?

८ जून, दुपारी

बायको, मिंदा, पुतो म्हणजे वाफवलेले गोड केक करते; त्यांचं तांदळाचं पीठ माझ्या एक नंबरच्या मशीनवर ठेवते. उबेने चांगलं फुगतं. आज पातेलं घेऊन दुकानात आली. "अहो कॅप्टन, तुमची चूल विझली. पीठ आहे तस्सं आहे."

धावलो. एक नंबर गार. दोन नंबर गार. पडद्यावर अँटीव्हायरसची हिरवी खूण: 'धोका दूर केला. तुम्ही सुरक्षित आहात.'

कुणी सांगितलं होतं? गणितं सोडवणारा प्रोग्रॅमच उडवला, आणि सोडवलेली सगळी गणितं त्याच्याबरोबर! दिवसभर फुल स्पीडने चालतो म्हणून त्या मूर्ख अँटीव्हायरसला तो दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चोरून बिटकॉइनसारखी नाणी खणणारा व्हायरस वाटला. अरे, मेहनत करणारा दिसला की चोर? संशय आल्यावर एक शब्द विचारायची पद्धत नाही? विचारलं असतं तर सांगितलं नसतं का?

मोबाइलवरून अँटीव्हायरसच्या कंपनीला तक्रार लिहिली. सात मुद्दे, पोटमुद्दे वेगळे. 'नालायक' दोनदा आलं होतं. एकदा खोडलं.

१० जून

कंपनीचं उत्तर. चूक सहा तारखेच्या अपडेटमध्ये होती, सातलाच दुरुस्त केली. आपला कॉम्प्युटर नेटला जोडा, दुरुस्ती आपोआप येईल.

नेटला जोडा! नेमकं आत्ता! बासिलिओची माणसं कुठवर पोचली आहेत बघा. जोडणार नाही.

पेन ड्राइव्हवरून प्रोग्रॅम पुन्हा बसवला. नवी गणितं मात्र नेटशिवाय मिळत नाहीत. तेव्हा माझी दोन मशीनं सध्या रिकामी आहेत, पण गुप्त आहेत. बाकी सात घरांची भिस्त आहेच.

मिंदाने विचारलं, त्या घरांतही तुमचंच सेटिंग आहे ना? म्हटलं, कुणाचीही तक्रार नाही. म्हणाली, "तुम्हीच सांगितलंय ना, हात लावाल तर खबरदार म्हणून?" शिस्त म्हणजे काय हे बायकोला समजावणं अवघड.

१४ जून

आमच्या संघातले बेकरीवाले नोंग तिक्यो भेटले ('नोंग' म्हणजे दादा). खूश होते. म्हणाले, "हेर्मो, काय जादू केलीस रे! कॉम्प्युटरचा पंखा घोंगावायचा बंद झाला. मांजर आता त्याच्यावर झोपत नाही, ओव्हनजवळ आलंय परत."

गेल्या महिन्यात मी त्यांचा पंखा साफ केला होता. काम मनापासून केलं की असं असतं.

१९ जून

उद्या. दोन्ही संघांच्या ग्रुपवर लिहिलं: 'सेबूने उद्या सकाळी आठला समुद्राकडे बघावं.' बासिलिओने अंगठा पाठवला. कळेल त्याला.

२० जून, सकाळी ९

आठ वाजता आठही घरांत नेट जोडलं. माझ्याकडून काही जाणार नव्हतं, ते माहीतच होतं. नोंग तिक्योंकडून शून्य. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातून शून्य. सगळीकडे तीच हिरवी खूण. बारा दिवस आठ घरं सुरक्षित बसली होती.

पहिला फोन नोंग तिक्योंचा. "ते सेटिंग कुणाचं?" म्हटलं, चूक कंपनीची. "ते मी विचारलं नाही. सेटिंग कुणाचं?" फोनला रेंज नव्हती, असं मी त्यांना सांगितलं.

मग बासिलिओचा मेसेज. 'नोंग हेर्मो, समुद्राकडे बघतोय. आम्हालाही सहाला तो त्रास झाला होता. पण आमचा अँटीव्हायरस आधी विचारतो, म्हणून 'नको' म्हटलं. मदत हवी का?'

मदत! इंजिनियरची!

२५ जून, संध्याकाळी

सेबू पहिलं. आमचे जे काही गुण झाले ते बहुतेक मॅम कॉन्सोर्सियांच्या लॅपटॉपचे. सात जूनची दुरुस्ती त्याला सातलाच मिळाली होती, प्रोग्रॅम उडायच्या आधीच. बाकीच्या घरांत प्रोग्रॅम पुन्हा बसवून नवी गणितं सुटेपर्यंत शर्यत संपत आली होती. मॅमनी आमच्या संघाच्या ग्रुपवर लिहिलं, 'हेर्मोला रागवू नका. मेहनती आहे, फक्त पेपर देत नाही.'

त्यावर नोंग तिक्योंनी कॅप्टनसाठी मतदान लावलं. मॅम की मी. मी स्वतःला मत दिलं, मॅमनी कुणालाच नाही. कंपनीच्या चुकीसाठी कॅप्टन बदलणं अन्यायाचं आहे, हे तत्त्व आहे. निकाल सात विरुद्ध एक. एक मत बाकी होतं: मिंदाचं. तिचं खातं मीच उघडलंय, दरवर्षी तिच्या वतीने मीच मत देतो. निदान दोन तरी व्हावीत म्हणून द्यायला गेलो.

पासवर्ड चुकीचा, म्हणतो. तीनदा टाकला. तेवढ्यात निकाल आठ विरुद्ध एक झाला, आणि स्वयंपाकघरातून मिंदाने विचारलं, जेवायला वाढू का.