उजवीकडचे चार वाफे

प्रिय चिमे,

तुझं पत्र पोचलं. शुक्रवारी तुझ्या कॉलेजच्या प्रयोगाचा अहवाल जाणार, आणि आपल्या वाफ्यांचे आकडे दाखवून तू गावोगावच्या लोकांना रासायनिक खत सोडा म्हणून सांगणार, हे वाचल्यापासून तुझी आई हवेत आहे. भेटेल त्याला पकडून सांगते. मला मात्र दोन दिवस घास गोड लागलेला नाही. का, ते सांगतो, पण जरा आडवळणाने येऊ दे.

पेरणीच्या दिवशी तू दोरी लावून वाफे आखलेस. डावीकडच्या चारांत दाणेदार रासायनिक खत, उजवीकडच्या चारांत मी ढिगात कुजवलेलं. ढीग दर आठवड्याला पलटायचा, आतून गरम असेपर्यंत वापरायचा नाही, असं तू खूप आधीच बजावलं होतंस. मी मान डोलावली. पण पाठ धरली होती, ढीग दोनदाच पलटला. आतला पेंढा अजून ओळखू येत होता, तरी घातलं. चाळीस वर्षं शेती केलेल्या माणसाला लेकीने शिकवायचं, हा ताठा, दुसरं काय!

महिन्याभरात उजवीकडचा वाटाणा पिवळा पडला. तू परीक्षेत अडकलेली. फोनवर विचारलंस तेव्हा छान आहे म्हणालो. कच्चं खत कुजताना मातीतलं नत्र खाऊन टाकतं, हे तूच कधीतरी सांगितलं होतंस. चूक माझ्या ढिगाची, आणि नापास होणार तू. ते माझ्याच्याने बघवेना.

मग पीक असं उठलं की येणारा-जाणारा थांबून बघायचा. तू आलीस, वाफ्यात अक्षरशः नाचलीस. तू गेल्यावर मी एक रोप मुळासकट उपटलं. मुळांवर नत्र बनवणाऱ्या गाठी असायला हव्यात ना, कापल्यावर आतून गुलाबी? दोन-तीनच निघाल्या, त्याही पांढऱ्या. आयतं नत्र मिळाल्यावर वाटाणा कशाला कष्ट करील?

चिमे, उजवीकडच्या चारही वाफ्यांत मी युरिया टाकला. दोनदा, ओंजळीने, तुझी आई बाजारात गेलेली असताना. आता मला घाबरायला होतं. लोक तुझ्या शब्दावर आपलं पीक सोपवतील. अहवाल पाठवू नकोस. हवं तितकं रागाव, महिनाभर बोलू नकोस, पण पाठवू नकोस. पहिल्या पानावर माझे आभार मानलेस, असं आई सांगत होती. नवीन अहवालातही माझं नाव राहू दे, फक्त मी काय केलं ते खरं लिही.

तुझाच,
बाबा