शेवटच्या चौकटीत जागा नाही

४ फेब्रुवारी

मिळाली! सुट्टी विशेषांकातली शेवटची चित्रकथा मला मिळाली! यंदाचा विषय — राक्षस आणि प्रेम. आठ चित्रकार, आठ गोष्टी, आणि शेवट माझ्या हातात. संपादकबाई म्हणाल्या, "राक्षस झकास काढतेस गं, पण प्रेम जमेल?" न जमायला काय झालं! इतकी वर्षं सुळे आणि शेपट्या काढतेय, एक प्रेम काढता येणार नाही?

गोष्ट साधी. सुट्टीच्या गावातलं तळं, तळ्यातला राक्षस, नावेची तिकिटं फाडणारी मुलगी. सुट्टी संपते, गाव रिकामं होतं. शेवटच्या चौकटीत राक्षस विचारतो, "राहशील?" बस.

संवादाचे फुगे मौनीबाबा लिहिणार. म्हणजे समोरच्या टेबलावरचा अक्षरवाला. याच्या तोंडून दिवसभरात चार शब्द निघाले तर नशीब!

५ फेब्रुवारी

मौनीबाबा नोकरी सोडतोय. अंक छापायला गेला की बहिणीच्या गावी, तिच्या छापखान्यात. मला हे शिपायाकडून कळतं!

मला तो आवडतो. घ्या, लिहून टाकलं. आता अंक जायच्या आत त्याला थांबवायचं. "राहा ना" म्हणायचं, त्यात काय एवढं! देवानं तोंड दिलंय की मला.

९ फेब्रुवारी

विचारायला गेले. तो टाक धूत होता. "तिकडे बहिणीकडे ना, टेबल—" एवढंच म्हणाला. मी म्हटलं, टेबलाचं काय कौतुक? इथलं काय वाईट आहे? माझ्यासारखी खिडकी हवी तर सांग, मी मालकांशी बोलते. मग खिडकीवरून मालकांवर घसरले, मालकांवरून पंख्यावर. जेवणाची सुट्टी संपली. तो हसला आणि कामाला लागला.

उद्या नक्की.

१० फेब्रुवारी

आजही तेच. आज विषय मांजराचा निघाला.

१३ फेब्रुवारी

ताईनं विचारलं, "सांगितलंस का त्याला?" म्हटलं, अजून नाही. "म्हणजे तासतासभर बोलतेस आणि सांगत काहीच नाहीस! अगं, समोरच्याला श्वास तरी घेऊ देत जा!" ताई नर्स आहे, तिला सगळीकडे श्वासच दिसतो. मी लक्ष दिलं नाही.

१७ फेब्रुवारी

शेवटचं पान पूर्ण! काय राक्षस उतरलाय! चौकटभर नुसता तोच. खवला न् खवला मोजून घ्यावा. पाणी नाही, आभाळ नाही, मुलगी खाली कोपऱ्यात. मौनीबाबाच्या टेबलावर ऐटीत ठेवून आले.

१८ फेब्रुवारी

मेल्यानं फुगा राक्षसाच्या थोबाडावर चिकटवला! मी तणतणत गेले. शांतपणे म्हणतो, "दुसरीकडे जागा दाखव." दाखवायला बोट पुढे केलं. इथे डोळा. तिथे पंजा. इथे मुलगी. नव्हतीच जागा! तरी मी भांडले, अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं.

शेवटी तो म्हणाला, "राक्षस प्रश्न विचारतोय ना? मग ती काय म्हणेल, ते ऐकायला जागा कुठंय?"

इतक्या वर्षांतलं त्याचं सगळ्यात लांब बोलणं. तेही माझ्या विरुद्ध!

१९ फेब्रुवारी

पान घरी आणलं. ताई म्हणाली, "ही पोरगी बिचारी चेंगरली की गं."

जेवण गेलं नाही. थोडी रडलेसुद्धा. तो 'टेबल' म्हणाला होता. टेबल काय? पुढे काय म्हणायचं होतं त्याला? मी विचारलंच नाही. मोठा पंजा टाकून बसले!

२४ फेब्रुवारी

पान पुन्हा काढलं. राक्षस नाकापर्यंत पाण्यात, मुलगी नावेत उभी, बाकी नुसतं पाणी. मौनीबाबानं राक्षसाचा एवढासा फुगा चिकटवला. मुलीच्या डोक्यावर दुसरा — रिकामा. मला विचारलंसुद्धा नाही, आणि मी भांडले नाही.

संपादकबाई पान हातात धरून उभ्याच राहिल्या. "अगं, ती नाही म्हणाली तर गं याचं काय होईल?" माझ्या राक्षसांना आजवर पुष्कळ लोक घाबरले. राक्षसासाठी घाबरणाऱ्या या पहिल्याच!

२८ फेब्रुवारी

अंक छापायला गेला. मी त्याला एवढंच विचारलं, "टेबलाचं काय सांगत होतास?" आणि गप्प बसले. चहा गार झाला, तरी गप्प.

"टेबलं दोन आहेत," तो म्हणाला. "खिडकीजवळचं तुझ्यासाठी ठेवायला सांगितलंय बहिणीला. येशील?"

मी! मला एक शब्द सुचेना. नुसतीच हो हो मान हलवत राहिले.