सात दुकानांचे सात घेवडे

४ जानेवारी १९८९
यंदा पीएच.डी. संपवायचीच. मार्चअखेर रजिस्ट्रेशन संपतं. प्रबंध गेला नाही तर कॉलेजातली टेम्पररी नोकरीही जाईल. विषय तसा सोपा: घेवड्याच्या वाणांतलं वैविध्य. बियांतली प्रथिनं जेलच्या पातळ थरातून विजेनं पळवायची, वाणागणिक पट्टे वेगळे उमटतात. वाण जमले की निम्मं काम झालं.

१५ जानेवारी, रविवार
जमले. गावोगाव हिंडायची गरजच नाही. राजमा म्हणजे घेवडाच. डोंबिवली, कल्याण, ठाणे मिळून सात दुकानांतून घेतला. लेबलं लावली: डोंबिवली पूर्व, डोंबिवली पश्चिम वगैरे. जया म्हणाली, अहो, सगळे मुंबईच्या दाणाबंदरावरून, त्याच घाऊक बाजारातून तर माल भरतात. म्हटलं, सायन्समध्ये असं गृहीत धरत नाहीत.

२ फेब्रुवारी
माजिवड्याहून सासूबाई आल्या. परसातल्या घेवड्याचं बियाणं पुरचुंडीत आणलंय. काळं, तांबडं, ठिपक्यांचं, सगळं एकत्र. म्हणाल्या, तुमच्या अभ्यासाला घ्या जावयबापू, परस बिल्डरला दिला, आता पेराला जागा नाय. पण ना लेबल, ना नोंद. असलं सँपल चालत नाही. पुरचुंडी जयाकडे दिली.

९ फेब्रुवारी
जेल फाटलं. त्यात लाइट गेले. माझा दोष नाही. उद्यापासून पहाटे पाचला उठणार.

१० फेब्रुवारी
आठला उठलो. डब्यात परत बटाटा. जयाला म्हटलं, माणसाला जरा वैविध्य लागतं. आईचा घेवडा भिजत घालू का, म्हणाली. म्हटलं, सगळा घाल.

१२ फेब्रुवारी
उसळ उत्तम. दोनदा वाढून घेतली.

३ मार्च
जेल जमलं! सातही वाणांचे पट्टे तंतोतंत सारखे. ठाणे जिल्ह्यातला घेवडा एकजिनसी आहे, हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

६ मार्च
गाईडसरांनी जेल पाहिलं. मग लेबलं वाचली. रागावले नाहीत, त्याचंच वाईट वाटलं. म्हणाले, हा एकाच पोत्यातला माल आहे. कुणी घरी वर्षानुवर्षं राखलेलं, मिसळीचं बियाणं आणा, मुदतवाढीवर सही करतो. म्हटलं, उद्याच आणतो, सासूबाईंची पुरचुंडी घरीच आहे.

७ मार्च
जयाकडे पुरचुंडी मागितली. तिनं फडकं आणून दिलं, धुऊन घडी घातलेलं. तसाच माजिवड्याला गेलो. परसात पाया खणलाय. सासूबाईंनी चहा दिला. विचारलं, उसल बरी झालेली काय? म्हटलं, हो, छान झालेली. रिकाम्या हातानं परतलो.

८ मार्च
डब्यात बटाटा. सगळा संपवला.