समुपदेशनातला उपदेश

नंदाखाल,
रविवार, मिस्सा आटोपून

प्रिय जयवंत,

माझ्याकडून जय येशू आणि तुझ्या पद्धतीनं नमस्कारही. फुलपाड्यात पाणी नीट येतं का? गुडघा काय म्हणतो? वेळेवर जेवतोस ना? विनयावहिनी गेल्यापासून तू माझा फोन उचलत नाहीस. पत्र काही कट करता येत नाही, म्हणून हा उद्योग.

बातमी अशी की आमची जीना साठीला टेकली असताना (शाळेतून रिटायर होऊन जेमतेम वर्ष झालं) पुन्हा दप्तर घेऊन कॉलेजात जाते. 'ख्रिस्ती दृष्टिकोनातून समुपदेशन' असा कोर्स आहे, सरावाला खरी माणसं लागतात. मी म्हटलं, त्यात शिकायचं काय? उपदेश तर ती मला तेहतीस वर्षं फुकट करते आहे! मी गावभर सांगत सुटलो की आमच्याकडे खडसावून उपदेश मिळेल. पहिले आले उमेळ्याचे हरेश्वर. मुलाला वाडी बिल्डरला द्यायची, यांना नाही, बापलेकांत अबोला. बोलणी खायला इस्त्रीचा सदरा घालून आले बिचारे! आणि जीना नुसती 'हं' आणि 'मग?'. मी आतल्या खोलीत (कान देऊन, खोटं कशाला बोलू) तळमळत होतो, कारण माझ्याकडे सात उपाय तयार होते. शेवटी चहाच्या निमित्तानं बाहेर आलो आणि सातही सांगून टाकले. हरेश्वर "बरंय" म्हणून उठले. चहा मला एकट्यालाच प्यावा लागला.

पुढच्या खेपेला तिनं मला केळींना पाणी सोडायला पिटाळलं. त्या दिवशी हरेश्वर दीड तास बोलले, रडले, आणि घरी जाऊन पहिल्यांदाच मुलाला विचारलं, तुझं काय म्हणणं आहे बाबा? (हे त्यांनीच नाक्यावर सांगितलं, जीना तोंड उघडत नाही.) वाडी राहील की जाईल देव जाणे, पण दोघं आता एका पंगतीला जेवतात.

जयवंता, मला बायकोचा अभिमान वाटतो, उघड सांगतो. ती म्हणते, मित्राच्या थडग्यापाशी प्रभू येशूसुद्धा आधी रडला, त्याला जिवंत केलं ते नंतर. आणि मी? वहिनींच्या दहाव्याला तुला काय काय ऐकवलं! सकाळी फिरायला जा, भजनी मंडळ धर, फ्लॅट भाड्यानं देऊन मुलीकडे राहा. तू एकटाच चालत निघून गेलास. चुकलं रे माझं.

तुझा,
ऑस्कर

ता.क. : जीनाला कोर्ससाठी अजून एक माणूस कमी पडतोय. शनिवारी येऊन जा, तिचं काम होईल.

ता.क. २ : वरचं खोटं आहे. जीनानं वाचलं आणि म्हणाली, ओळखीच्या माणसाला घेता येत नाही, आणि तिची माणसं केव्हाच पुरी झाली. तुझ्यासमोर बसायचंय ते मला. ये. वहिनींबद्दल बोल, नाहीतर बोलू नकोस. मी हूं की चूं करणार नाही.