खुर्ची क्रमांक तीनवरील खालचा ओठ

प्रति,
माननीय परीक्षा नियंत्रक,
उस्ताज शरफुद्दीन अल-हादी,
नूर अल-नील दंत महाविद्यालय,
अटबरा, सुदान.

विषय : प्रात्यक्षिक परीक्षेत मला नापास केल्याबाबत, आणि मुख्यतः आपल्या खालच्या ओठाबाबत.

संदर्भ : माझ्या फेरतपासणीच्या अर्जावर आलेले आपले उत्तर : 'आदर्श उत्तरपत्रिकेनुसार सदर तोंड निरोगी आहे.'

महोदय,

१. मी, तमादुर बाबिकिर, चौथ्या वर्षाची विद्यार्थिनी, सादर करते की, तोंडातले कर्करोगाकडे झुकणारे चट्टे ओळखण्याची आमची परीक्षा गेल्या आठवड्यात झाली. पाच खुर्च्यांवर पाच रुग्ण बसायचे होते. पैकी तिसऱ्या खुर्चीचे हाज इद्रीस, ज्यांचे तोंड निरोगी म्हणून निवडले होते, ते सकाळीच शेजारच्या मयताच्या तंबूत फातिहा वाचायला निघून गेले. त्याबद्दल तक्रार नाही. तिथे जावेच लागते. परीक्षा अडू नये म्हणून आपण स्वतः कोट काढून त्या खुर्चीवर बसलात, हा आपला मोठेपणा. मात्र माणूस बदलला तरी छापील उत्तर तेच राहिले : 'खुर्ची तीन : निरोगी.' अशा रीतीने हाज इद्रीस यांचे तोंड आपणास कार्यालयीन आदेशाने प्राप्त झाले.

२. प्रत्येक खुर्चीला तीन मिनिटे होती. साक्षात नियंत्रक बसलेले पाहून माझ्या वर्गातल्यांनी रीतसर सलाम केला. तब्येत, घरचे, आई, मुले, पोर्ट सुदानचे काका, काकांचा गुडघा. आपणही प्रत्येकाला तितक्याच मायेने उलट विचारलेत. घंटा झाली तेव्हा कोणी काकांपर्यंत पोहोचले होते, एक हुशार मुलगा गुडघ्यापर्यंत; ओठापर्यंत कोणीच नाही. सर्वांनी 'निरोगी' लिहिले आणि सर्व पास झाले.

३. मी आधी गॉजने ओठ धरून खाली ओढला व मग सलाम केला. त्यामुळे आपल्या तोंडून 'अल्हम्दुलिल्लाह'ऐवजी नुसते 'आँ आँ' निघाले. बेअदबीचे गुण कापले, ते मान्य. परंतु जिथे आपण तुंबाकची गोळी ठेवता (महाविद्यालयात कोणीही तंबाखू ठेवत नाही, हे परिपत्रक मी वाचले आहे), तिथे सुरकुतलेला पांढरा चट्टा दिसला. गोळी ठेवणाऱ्यांत तो नेहमीचा. सवय सुटली की पुष्कळदा जातोही. पण आपला मध्येच तांबडा आहे, गॉजने पुसला जात नाही, आणि बोटाला त्याची कड टणक लागली. मी विचारले, "दुखतं का हो?" आपण नाही म्हणून मान हलवलीत. दुखत नाही म्हणूनच तो राहून जातो, असे आम्हाला शिकवले आहे. मी लिहिले : 'संशयास्पद. तुकडा काढून लगेच तपासावा.' शेरा आला : 'चूक.'

४. फेरतपासणी समितीने माझी उत्तरपत्रिका दोनदा तपासली. ओठ एकदाही नाही. अध्यक्ष म्हणाले, "पोरी, छापून झालेलं उत्तर आता बदलायचं कसं?" मी म्हटले, "मग ओठाला तरी कळवा, उस्ताज." लेखनिक खुर्चीवरून पडता पडता राहिले, इतिवृत्तात 'चर्चा गांभीर्याने झाली' अशी नोंद आहे. नियंत्रकांचे तोंड रुग्णात धरायचे की कर्मचाऱ्यांत, हे ठरेपर्यंत त्यात काही आढळू शकत नाही, असा ठराव झाला. माझी मैत्रीण इन्साफ म्हणाली, "अगं बाई, तोंड कुणाचं आहे ते तरी बघायचंस!" पण आमच्या डॉक्टर इब्तिहाल पहिल्याच तासाला ओरडल्या होत्या, "तोंड बघा रे, तोंडाचा मालक बघत बसू नका!" मी ते वहीत लिहून घेतले होते. हुशार मुलांनी बहुधा लिहून घेतले नसावे.

५. तरी गुणांची मागणी मी या अर्जाद्वारे मागे घेत आहे. नापास कायम ठेवावे. बाबा बोलणे टाकतील, आई ती भर काढेल. फक्त, पुरवणी परीक्षेला एक रुग्ण विद्यार्थ्याने स्वतः आणायचा असतो, असा आपलाच नियम आहे. मी आपणास आणत आहे. रविवारी सकाळी, गोळी न ठेवता यावे. डॉक्टर इब्तिहाल शेजारी असतील. ओठ बधिर करून चिमूटभर तुकडा घेतील, एखादा टाका पडेल. संध्याकाळी घोटलेल्या कडधान्याचे मऊ 'फूल' खाता येईल. तुकड्यात काही निघाले नाही तर मला पुन्हा नापास करावे, मी सबंध कार्यालयाला रव्याचा गोड बसबूसा वाटीन. निघालेच, तर आज ते लहान आहे आणि काढता येईल. पुढच्या सत्रापर्यंत ते आपल्या परिपत्रकाची वाट पाहत थांबेल, असे वाटत नाही.

परीक्षेच्या रांगेत माझ्या पुढे असलेल्या मुलाला आपण सांगत होतात की ईदनंतर धाकटीचे लग्न आहे. महोदय, त्या दिवशी सगळे अटबरा येऊन आपली चौकशी करणार. त्या प्रत्येकाला उत्तर द्यायला आपण असावे, एवढेच मागणे.

आपल्या ओठाच्या काळजीत,
आपली नम्र व नापास विद्यार्थिनी,
तमादुर बाबिकिर
दिनांक : २३ मार्च २०१७

सोबत :
१. माझ्या चुकीच्या उत्तराची प्रत.
२. लहान आरसा, एक. (खिडकीशी उभे राहून ओठ खाली ओढून पाहावे. आरसा महाविद्यालयाच्या मालकीचा असल्याने रविवारी आपण स्वतः परत आणून द्यावा.)