खाणीतलं पाणी

रविवार, १२ जानेवारी. मुक्काम कळस.

दुपारपासून ते पाण्यावर फिरणारं चाक डोक्यातून जात नाही. वेल्समधल्या त्या जुन्या शिशाच्या खाणीबद्दल वाचत होते. तिच्याच पाण्यावर संशोधन करायला तिथल्या विद्यापीठात जागा मिळालीय आणि होकार उद्या कळवायचाय.

माणसं मेणबत्तीच्या उजेडात खडकातली शिशाची शीर धरून आत आत गेली. जितकं खोल, तितकं पाणी. मग डोंगरावरचा ओढा चाकावर सोडला आणि त्या चाकानं खालचं पाणी उपसलं. पाण्यानंच पाणी ओढायचं, रात्रंदिवस! पुढे खाण बंद पडली, चाक थांबलं, बोगदे भरले. ते पाणी अजून डोंगरातून बाहेर येतंय. तिथं कुणी नाही, तरी येतंय. डोळे मिटले की चाक दिसतं. ओलं, काळं, सावकाश.

संध्याकाळी आईला सांगितलं, तर उसाला पाणी देता देता म्हणाली, "एवढं पानी हाय तर इकडं वळव की गं."

दोघी हसलो. पण त्यात शिसं आहे, हे सांगितलंच नव्हतं. सांगितलं तर ती पाठवेल? पण शाळेआधी अक्षरं तिनंच शिकवली, खरं बोलायलाही तिनंच. शेवटी बांधावरच सांगून टाकलं, की ते पाणी विषारी आहे.

तिचं हसू गेलं. "पितं का कुणी ते?"

"मेंढ्या पीत असतील." (हे मला नक्की माहीत नाही. शोधायला हवं.)

तिनं खोऱ्यानं पाणी पुढच्या सरीत वळवलं.

"मग जा. पन तू पिऊ नगंस."