कोपऱ्यातले तेरा दिवस

१ फेब्रुवारी, रविवार. गोरेगाव, ता. सेनगाव
आजपासून शिस्त. पुण्याची नोकरी सोडून आठ महिने झाले. एवढ्या काळात मी बनवत असलेल्या कॉम्प्युटर गेमचं नाव पक्कं केलं: 'हळद'. लागवडीपासून शिजवण्यापर्यंत, नऊ महिने नऊ मिनिटांत. इंजिनात, म्हणजे गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, एक आकडा वाढवला की काळ पळतो, कमी केला की रांगतो, शून्य केला की जागेवर थांबतो. एवढा अधिकार गावात दुसऱ्या कुणाकडे नाही.

रागिणीशी करार झाला. (माझी बायको. शाळेत शिकवते, घर सध्या तीच चालवते.) पाडव्याला, १९ मार्चला, गेम बाबांच्या हातात द्यायचा. त्यांनी शेवटपर्यंत खेळून हळद बराबर शिजवून काढली, तर आणखी एक वर्ष माझं. नाहीतर पुणे. जुनी कंपनी परत बोलावते आहे, त्यांना १५ मार्चपर्यंत उत्तर हवंय. रागिणी म्हणाली, पाडव्यापर्यंत थांबा असा मेल आत्ताच टाका. म्हणालो, टाकतो. लगेच टाकला की गरजू दिसतो. इंजिनातच टायमर लावला, स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसतो: पुणे, ४२ दिवस. फोनचा अलार्म सामान्य माणसांसाठी.

२ फेब्रुवारी
पाचला उठायचं होतं. नऊला उठलो. डोकं ताजं असणं महत्त्वाचं.

११ फेब्रुवारी
गेमचा वेग एक, म्हणजे खऱ्या काळाइतका ठेवला. तासभर बसलो, कोंब दिसेना. क्षणभर वेग हजार केला. गेममधले मजूर इतके पळाले की बांधातून आरपार शेजारच्या शिवारात गेले. बाबा मागं उभे होते. म्हणाले, असे मजूर आपल्याला काहून मिळत न्हाईत.
प्रोत्साहन समजलो.

२४ फेब्रुवारी
हळद काढून झाली. बाबांनी हळद वाफेवर शिजवणाऱ्या कुकरवाल्याकडे नंबर लावला. आमच्या हळदीला रंगामुळं नाव आहे, बाजारात व्यापारी ढीग बघूनच ओळखतात. बाबा वासावर शिजवतात. वास आला की काडी टोचायची, काडी आत गेली की कुकरचा ड्रम रिकामा. मी म्हणालो, यात अचूकता नाही. ते बिडी शोधत होते.

२ मार्च, सोमवार. सकाळी ११
बाबांना सेनगावला मयतीला जावं लागलं. शेवटचा ड्रम माझ्यावर सोपवला. आयुष्यात पहिल्यांदा. ऊर भरून आला. इंजिनातच पंचेचाळीस मिनिटांचा टायमर लावून लॅपटॉप घेऊन शेतात बसलोय.

त्याच दिवशी, दुपारी
बसल्या बसल्या गेममधल्या मजुरांचा बांध दुरुस्त करावा म्हणून काळ शून्य केला. टायमर ३१ मिनिटांवर. निवांत. केशरबाई वीस वर्षं आमच्याकडे हळद शिजवतात. तीनदा आल्या. शिवाभाऊ, वास येऊन राहिला, काढू का. तिन्ही वेळा मी स्क्रीन दाखवली: अजून ३१ मिनिटं. चौथ्यांदा त्यांनी विचारलंच नाही, ड्रम उलटला. हळद उकडलेल्या बटाट्यासारखी दबत होती.
काळ थांबवला की टायमरही थांबतो, हे मला माहीत होतं. ऐनवेळी आठवलं नाही.

३ मार्च
बाबांनी हळद दाबून बघितली. त्या ड्रमची हळद वेगळी पसरली, नेहमीच्या ढिगापासून लांब. फार वाईट वाटलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
चूक इंजिनाची आहे.

१० मार्च
गेमला नवं, स्वतंत्र घड्याळ लावलं. कोपऱ्यातल्या टायमरच्या जुन्या घड्याळाला हात लावला नाही, चालतंय ते कशाला छेडा. बांधही पक्का झाला. मजूर शेतातच राहतात. कोपऱ्यात बघितलं: पुणे, १३ दिवस. मन लावून काम केलं की दिवस पुरतात, हे मी रागिणीला कधीपासून सांगतोय.

१७ मार्च
अजून १३. माझी गती बघून मीच चकित आहे.

१९ मार्च, पाडवा
गुढी उभारली. जेवण झाल्यावर बाबा, रागिणी, केशरबाई लॅपटॉपसमोर. गेम न अडकता चालला. लागवड, पाणी, काढणी, सगळं आठ मिनिटांत. मग ड्रम आला. मोठ्या अक्षरांत टायमर उलटा चालू. बाबांनी त्याच्याकडं बघितलंच नाही. डोळे मिटून बसले. मी म्हणालो, बाबा, बटण दाबा. ते म्हणाले, थांब, वास न्हाई आला अजून.
स्क्रीनवर आलं: हळद जास्त शिजली.
बाबांनी डोळे उघडून वाचलं. म्हणाले, ही तर तुझ्याच हातची दिसती. केशरबाई पदरात तोंड घालून हसल्या. मीही हसलो, उशिरा.
रागिणी म्हणाली, असू द्या, पुणे तर आहे. मेल टाकला होता ना तुम्ही. मी कोपऱ्याकडं बोट दाखवलं: १३ दिवस. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं, मग माझा फोन मागितला. कंपनीचा मेल सोळा तारखेचा होता. उत्तर न आल्यानं जागा भरली, शुभेच्छा.
ती फोन उलटा ठेवून भांडी घासायला गेली.

रात्री
माझ्या ड्रमची हळद अजून वाळली नाही. केशरबाई म्हणाल्या, रोज उलथावी लागल, उद्या सहाला या.
उठवायला रागिणीला सांगितलं आहे.